रेडिओवर वेगळं ऐकायचं असेल तर

"जळगाव-धुळ्याकडे रेडिओवर ऐकण्यासारखं काही लागतच नाही." हे वाक्य मला डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर, औषधांच्या दुकानात, ढाब्यावर, सगळीकडे ऐकायला मिळतं. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. सावदा-फैजपूरपासून साक्रीपर्यंतचा पट्टा माझ्याकडे, म्हणून दिवसाचा मोठा भाग गाडीत आणि रेडिओच्या सोबतीत जातो. बोलणाऱ्यांची तक्रार मला कळते. एका स्टेशनवरून दुसऱ्यावर गेलं तरी नव्या हिंदी सिनेमाचं तेच गाणं सुरू असतं. तरीही मी हे मान्य करत नाही. आपल्याकडे वेगळं संगीत रेडिओवर आहे, भरपूर आहे. फक्त ते स्टेशन शोधून सापडत नाही, वेळ शोधून सापडतं. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. सगळीकडे तेच का वाजतं, ते आधी समजून घ्या.

खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी सरकार लिलावात देतं. लिलावाची रक्कम भरायची, वर दरवर्षी उत्पन्नातला हिस्सा द्यायचा, गाण्यांच्या हक्कांचे पैसे, पगार, वीज वेगळीच. हा सगळा खर्च जाहिरातींतून निघायला हवा. मुंबईसारख्या शहरात स्टेशनं बरीच असतात, त्यामुळे एखादं जुन्या गाण्यांकडे वळतं, एखादं इंग्रजीकडे. आपल्यासारख्या शहरांच्या वाट्याला मोजक्याच फ्रिक्वेन्सी येतात आणि त्या प्रत्येकीला सगळं गाव हवं असतं. मग कॉलेजातल्या पोरापासून सराफ बाजारातल्या शेठपर्यंत कुणीही बटण बदलणार नाही, अशी गाणी निवडली जातात. निवेदक मुलं-मुली हुशार असतात, आपल्या बाजात बोलतात, रस्ता कुठे खोदलाय ते सांगतात. गाण्यांची यादी बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसते. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

आणि सिनेमाचं गाणं हा शत्रूही नाही. हा धडा देशाने फार पूर्वी घेतला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. पण त्याच केसकरांच्या काळात, जुलै १९५२ मध्ये, शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि खेड्यातल्या माणसाला घरबसल्या मोठमोठे गवई ऐकायला मिळाले. कात्री लोकांनी नाकारली, वाढलेलं ताट स्वीकारलं. म्हणून मी कुणाला "हे ऐकू नका" म्हणत नाही. "हेही ऐका" म्हणतो.

२. एएमचं बटण दाबा.

गाडीच्या रेडिओत ते असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. जळगावहून धुळ्याला निघालं की पाळधी, एरंडोलपर्यंत एफएम ठणठणीत असतं. पारोळ्याच्या आसपास खरखर सुरू होते आणि मुकटी-फागणे येईतो धुळ्याच्या स्टेशनांचा अंमल सुरू होतो. मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, ९६३ किलोहर्ट्झ लावलं तर हा खेळच नाही. आकाशवाणीचं जळगाव केंद्र वाटेत साथ सोडत नाही, कारण मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. एफएमला टॉवर जवळजवळ नजरेच्या टप्प्यात लागतो.

घरी ऐकणाऱ्यांसाठी तीन कामाच्या गोष्टी. पहिली: बाजारात मिळणारे बरेच स्वस्त डिजिटल सेट १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने पुढे सरकतात. त्यांवर ९६० लागतं, मग एकदम ९७०. आपली मीडियम वेव्हची स्टेशनं ९ च्या टप्प्यावर बसवलेली आहेत, म्हणून ९६३ मध्येच राहून जातं आणि माणूस म्हणतो, जळगाव बंद पडलं. सेटसोबतच्या पुस्तिकेत टप्पा बदलण्याची रीत दिलेली असते, ती शोधा. दुसरी: वर ओढायची दांडी एफएमची. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे सेटच्या पोटात आडवी बसवलेली काळी कांडी. म्हणून दांडीशी झटापट न करता अख्खा सेटच हळूहळू फिरवा, एका दिशेला आवाज उघडतो. तिसरी: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून सेट लांब ठेवा. गावात लाईट गेली की मीडियम वेव्ह किती स्वच्छ लागतं, हे ज्याने ऐकलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

३. स्टेशनचं नाव पाठ करू नका, वेळ लिहून ठेवा.

हा माझ्या सगळ्या ऐकण्याचा गाभा आहे. आकाशवाणीचं केंद्र म्हणजे चोवीस तास एकाच चवीचं दुकान नव्हे. तिथे सकाळी अभंग असतील, मग बातम्या, बाजारभाव, मुलांचा कार्यक्रम, आरोग्यावरचं भाषण, आणि मधेच वीस मिनिटं कुणीतरी असं गातं की गाडी बाजूला लावावीशी वाटते. चुकीच्या वेळी लावून दोन मिनिटांत बंद करणाऱ्याला ती वीस मिनिटं कधीच भेटत नाहीत.

माझ्या गाडीच्या सनशेडला एक कागद अडकवलेला असतो. त्यावर वार, वेळ आणि काय ऐकलं एवढंच. विविध भारतीची 'संगीत सरिता' सकाळी साडेसातच्या सुमारास, एक राग आणि त्यातली गाणी समजावून सांगणारी. रात्री दहाचं 'छायागीत'. गाणी सिनेमाचीच, पण निवेदकाने स्वतः निवडलेली. शनिवारची रात्र वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाची. बाकीच्या नोंदी स्थानिक: लोकगीतं कोणत्या वारी, सुगम संगीत कधी, युववाणी कधी. वेळा अधूनमधून बदलतात. कागदही बदलतो. आठवडाभर असं टिपून बघा, सोमवारी "काही लागत नाही" म्हणणारा रविवारी नेमकं कुठल्या वेळी कुठे थांबायचं ते सांगू लागतो.

४. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला म्हणून पुढे सरकू नका.

शहरातल्या माणसाला वाटतं, तिथे कापसावरच्या बोंडअळीची माहिती सांगतात, आपल्याला काय करायचंय. माहिती सांगतातच. पण ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या वेळेतच आपल्या मातीतली गाणी जास्त लागतात.

पारोळ्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो होतो. श्रावण होता. टपरीवाल्याचा सेट मागच्या झाकणाला रबर गुंडाळून फळीवर ठेवलेला. मी पैसे पुढे केले तर त्याने हातानेच थांबवलं, "थांबा भाऊ, आते आपलं गानं लागी." लागलं. कानबाईच्या सणाचं होतं. दोन बायकांचे आवाज, दोन्ही वयस्कर. एकीने ओळ धरली की दुसरी ती शेवटच्या दोन शब्दांपाशी उचलायची, पहिलीचा श्वास तेवढ्यात भरून व्हायचा. मागे ढोलकी, बाकी काही नाही. ताल हळू, दळताना किंवा चालताना धरावा असा. गाणं संपेपर्यंत टपरीवर कुणी बोललं नाही, आणि संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या गावात हीच ओळ कशी वेगळी म्हणतात ते सांगत बसले. हे संगीत मला दुसऱ्या कुठल्या माध्यमाने आयतं आणून दिलेलं नाही.

खान्देशचं वर्षच गाण्यांनी आखलेलं आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. भाद्रपद-आश्विनात गुलाबाई. फाल्गुनात सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांचे ढोल, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीची होळी. या दिवसांच्या आगेमागे रेडिओ कान देऊन ऐका. पंचांग हाताशी असलं तर वेगळ्या संगीताचं वेळापत्रक निम्मं तिथेच मिळतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. यूट्यूबवर आणि लग्नाच्या वरातीत वाजणारं अहिराणी गाणं खूप मोठं झालंय, आणि त्याचा मला आनंद आहे. आपली बोली पोरं मिरवून गातात, ही मोठी गोष्ट आहे. पण ते आपलं पॉप आहे. बोली अहिराणी, ठेका सगळ्या देशाचा. ते ऐकलं म्हणजे खान्देशी लोकसंगीत ऐकलं, असं समजू नये. त्या दोन बायकांचा श्वास त्यात नाही.

५. रात्री सुई फिरवा.

सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर विरतो. दिवसा तो मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेत असतो. तो गेला की लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून रावेर-यावलकडे रात्रीच्या लाईनवर मोटार सुरू करायला मळ्यात गेलेल्या केळीवाल्याला दिवसा न मिळणारी स्टेशनं मिळतात: ५८५ वर नागपूर, ६४८ वर इंदूर, ७९२ वर पुणे, ८४६ वर अहमदाबाद. कधी खणखणीत, कधी लाटेसारखी येणारी-जाणारी.

या सगळ्यांत मला इंदूर प्रिय. आपला सातपुडा ओलांडला की निमाड. खंडवा, खरगोन. तिथली निमाडी गाणी ऐकताना आपल्याला शब्द अर्धे कळतात आणि चाल पूर्ण कळते, कारण सोयरिकी आणि बाजारहाट शतकानुशतकं इकडून तिकडे चालत आलेत. पलीकडे माळवा. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ मध्ये देवासला राहायला गेले, अंथरुणावर पडल्या पडल्या दारावरून जाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत राहिले आणि त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले. एवढ्या मोठ्या गवयाला ज्या गाण्यांनी वाट दाखवली, ती गाणी आपल्या रेडिओच्या टप्प्यात आहेत आणि आपण ती शोधत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नागपूरच्या प्रचंड ट्रान्समीटरवरून १९८८ पासून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या जानेवारीत बंद झाली. रात्रपाळीवाल्यांची, ट्रकवाल्यांची ती सोबत होती. मीडियम वेव्हचे इतर जुने ट्रान्समीटरही टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत, तेव्हा वरचा कोणता आकडा कधी मुका होईल याचा भरवसा नाही. जोवर लागतंय तोवर ऐका.

६. कॉलेजच्या आवारातलं स्टेशन विसरू नका.

जळगावात खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचं सामुदायिक केंद्र आहे, ९०.८ वरचं 'रेडिओ मनभावन'. सामुदायिक रेडिओची परवानगी सुरुवातीला फक्त शिक्षणसंस्थांना होती. २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळाली. ताकद १०० वॅटची, म्हणून आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. भुसावळला बसून ते लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण हीच मर्यादा अशा केंद्रांची शान आहे. सिनेमाची महागडी गाणी लावून मोठ्यांशी स्पर्धा करणं त्यांना परवडत नाही, म्हणून शेजारच्या गल्लीतला तबलजी, कॉलेजातली गाणारी मुलगी, भजनी मंडळ यांना माइक मिळतो. म्हसवडचं 'माणदेशी तरंग', नाशिकचं 'रेडिओ विश्वास', बारामतीची 'शारदा कृषी वाहिनी' ही याच घराण्यातली मंडळी. त्या त्या गावी गेलात तर हॉटेलातला टीव्ही लावण्याआधी ही लावून बघा.

धुळे, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव, सगळीकडे मोठ्या शिक्षणसंस्था आहेत. त्यांच्या इमारती उभ्या आहेत, पोरं आहेत, गाणारे आहेत. प्रत्येक ठिकाणी असं एक केंद्र असायला काय हरकत आहे?

७. फोनवरचं ॲप ही सोय आहे, त्याला नावं ठेवू नका.

आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर देशभरातल्या दोनशेहून अधिक वाहिन्या मिळतात. पुण्यात नोकरी करणारी खान्देशी मुलं त्यावर जळगाव लावतात. मी त्यावर पणजी लावतो, कोकणी गाण्यांसाठी. चोवीस तास शास्त्रीय संगीत हवं असेल तर २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली 'रागम' आहे, त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. जगभरची स्टेशनं नकाशावर बोट ठेवून ऐकायची असतील तर 'रेडिओ गार्डन'. एफएमपुरतं बोलायचं तर जुन्या फोनमध्ये ते इंटरनेटशिवाय चालायचं, इअरफोनची वायरच अँटेना व्हायची. नव्या फोनांमधून ही सोय नाहीशी होत चालली, म्हणून २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना ती चालू ठेवायची सूचना दिली. फोन घेताना दुकानदाराला हे विचारत जा.

८. रेडिओने स्वतः घडवलेलं संगीत मागून घ्या.

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, सीताकांत लाडांची कल्पना, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोडा जास्त काळ छप्पन्न गाणी. ते कुठल्या सिनेमासाठी नव्हतं, रेकॉर्ड कंपनीसाठी नव्हतं. रेडिओसाठी होतं. आकाशवाणीचं प्रत्येक केंद्र लहान प्रमाणात हेच करत आलं आहे: स्थानिक कवीचे शब्द, स्थानिक संगीतकाराची चाल, ऑडिशन देऊन श्रेणी मिळवलेला कलाकार. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात आयुष्य काढलेल्या बहिणाबाईंचं काव्य त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. मुलगा सोपानदेव आणि मावसभावाने उतरवून घेतलं म्हणून ते १९५२ मध्ये पुस्तकात आलं. तोंडी असलेलं किती सहज हरवतं, हे खान्देशाइतकं कुणाला ठाऊक असणार? आपल्या भागातल्या गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं हा तसाच ठेवा आहे, आणि तो श्रोत्यांनी मागितला तरच पुन्हा पुन्हा लागतो.

९. आवडलं तर कळवा, लेखी कळवा.

खासगी स्टेशनकडे श्रोत्यांची मोजणी करायला जाहिरातदार असतात. रात्रीच्या शास्त्रीय संगीताची किंवा कानबाईच्या गाण्याची मोजणी कोण करणार? कार्यक्रम कुणी ऐकतंय याचा एकच पुरावा फाइलमध्ये लागतो, तो म्हणजे पत्र. ब्रिटनमध्ये २०१० साली बीबीसीने '६ म्युझिक' ही चाकोरीबाहेरच्या संगीताची वाहिनी बंद करायचा प्रस्ताव ठेवला होता. श्रोत्यांनी इतका आवाज उठवला की त्याच वर्षी तो बारगळला, आणि वाहिनी आजही चालू आहे. आपल्याकडे जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागावर गदा आली, तेव्हा लोक बोलले म्हणून निर्णयाला स्थगिती मिळाली. न बोलता गेलेल्या गोष्टींची यादी याहून मोठी आहे.

पत्र कसं लिहावं, हेही सांगतो. "कार्यक्रम छान असतात" असं लिहू नका, त्याने कुणाचंच काम होत नाही. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, कलाकाराचं नाव लक्षात असेल तर ते, काय आवडलं आणि पुढे काय ऐकायचंय, एवढं लिहा. अहिराणीत लिहा, लेवा बोलीत लिहा, पावरीत लिहा. कोणत्या बोलीचे श्रोते आहेत हेही केंद्राला त्यातून कळतं. गावात गुलाबाईची गाणी म्हणणारी आजी असेल, संबळ वाजवणारा असेल, तर त्यांचं नाव सुचवा. जळगावात हायवेवरच्या एका चौकाला गाव आकाशवाणी चौक म्हणून ओळखतं. पत्त्यात 'आकाशवाणी केंद्र, जळगाव' एवढं लिहिलंत तरी पोस्टमनला पुरेल, आणि पोस्टकार्ड पन्नास पैशाला मिळतं. या आठवड्यात एक टाका.